पहिली प्रेमकादंबरी: ८५ हजार द्यावेत का, आणि बाकीचे प्रश्न

तुम्ही विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना ते कळेल. बासष्ट हजार शब्दांची प्रेमकादंबरी आहे. अ‍ॅपवर ४८ भागांत आली, वाचकांनी उचलून धरली, आता तिचं पुस्तक व्हावं असं वाटतंय. पुण्यातल्या एका प्रकाशकाने ८५ हजार रुपये मागितलेत. त्यात ५०० प्रती, किंमत ३०० रुपये, दहा टक्के रॉयल्टी आणि ५० प्रती तुम्हाला. डिसेंबरात पुस्तक महोत्सव असतो, म्हणून त्याआधी सभागृह घेऊन प्रकाशन करायचंय. हिंजवडीतल्या नोकरीमुळे टोपणनाव घ्यावं का, हाही प्रश्न आहे. आणि शेवटची ओळ: ‘एवढे पैसे द्यावेत का?’

आधी हिशेब करू. तुमच्या ५० प्रती वजा केल्या की विकायला ४५० उरतात. त्यांची छापील किंमत होते १ लाख ३५ हजार. वितरक, दुकान, ग्रंथालय यांची सवलत सरासरी ४५ टक्के धरा, म्हणजे एकूणएक प्रत विकली तरी प्रकाशकाच्या हाती ७४,२५० रुपये येतात. त्यातून तुमची रॉयल्टी प्रतीमागे ३० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त १३,५००. आता तुमच्या ८५ हजारांकडे बघा. ही रक्कम सगळी आवृत्ती खपल्यावर मिळणाऱ्या पैशांपेक्षा मोठी आहे आणि ती आधीच हातात पडते. प्रकाशकाचा खर्च आणि नफा पहिली प्रत विकली जाण्याआधीच सुटला. मग ४५० प्रती गोदामातून हलवायची गरज त्याला कशासाठी वाटावी? माणूस सज्जन असेलही. पण व्यवहाराची रचना अशी आहे की विकण्यात त्याचा फारसा फायदा नाही आणि न विकण्यात तोटा तर अजिबात नाही.

म्हणून मी प्रश्न थोडा फिरवून विचारते: पैसे घेऊन समोरचा नेमकं कोणतं काम करणार आहे, आणि छापलेल्या प्रती कोणाच्या मालकीच्या? पैसे घेणारा प्रत्येक जण लबाड नसतो. संपादन, मुद्रितशोधन, मांडणी, मुखपृष्ठ, छपाई यांचे वेगवेगळे भाव कागदावर लिहून देणारे लोक आहेत आणि त्यांच्याकडून काम करून घेण्यात कमीपणा काही नाही. पण मग ती सेवा झाली. सेवेत ५०० च्या ५०० प्रती तुमच्या, हक्क तुमचे आणि मांडणीची मूळ फाइलही तुमची. पैसे लेखकाने भरायचे, प्रती मात्र प्रकाशकाच्या आणि लेखकाला दहा टक्के, हा दोन्हीकडून कापणारा प्रकार आहे. तुमच्यापुढे आलेला प्रस्ताव तोच आहे. या स्वरूपात घेऊ नका.

पैसे न घेता छापणारे प्रकाशक पुण्यात आहेत. त्यांच्याकडे पूर्ण हस्तलिखित टाकून वाट बघू नका. दोन पानांचा गोषवारा (शेवट सांगून, शेवट लपवलेला गोषवारा संपादकाच्या उपयोगाचा नसतो), पहिली तीन प्रकरणं आणि अर्ध्या पानात अ‍ॅपवरच्या वाचनसंख्येचे स्क्रीनशॉट एवढं पुरतं. उत्तराला तीन ते सहा महिने धरा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, तीही बघून ठेवा. दोन्हीकडे वेळ जातो. कोणता रस्ता धरायचा हे तुम्हाला घाई किती आहे यावर ठरेल. मजकूर तयार करायचं काम मात्र तिन्ही वाटांवर (सेवा विकत घेणं, प्रकाशक, अनुदान) सारखंच आहे, आणि तुमच्या बाबतीत खरं काम तिथेच शिल्लक आहे.

मालिकेसारखी आलेली कादंबरी जशीच्या तशी छापली की पहिल्या पन्नास पानांत उघडी पडते. अ‍ॅपवर प्रत्येक भाग हुरहूर लावून संपवावा लागतो आणि पुढचा भाग आठवण करून देत सुरू करावा लागतो. समजा एक भाग असा संपतो: ‘दारात उभ्या असलेल्या माणसाला बघून मीराच्या हातातला कप खाली पडला.’ पुढचा भाग सुरू होतो: ‘खळ्ळकन आवाज झाला. मीराचा कप फुटला होता, कारण दारात चक्क...’ मोबाइलवर या दोन वाक्यांमध्ये आठवडा गेलेला असतो. पुस्तकात ती एकाच पानावर येतात आणि कप दोनदा फुटतो. दर भागात सुरुवातीची उजळणी साठ-सत्तर शब्दांची आणि शेवटचा झटका पन्नासेक शब्दांचा धरला, तर ४८ भागांत पाच-सहा हजार शब्द केवळ या शिवणीचे निघतात. ते काढा. मग दोन-दोन भाग जोडून २४ च्या आसपास प्रकरणं करा. जोड कुठे द्यायचा ते शब्दसंख्येवर ठरवू नका, प्रसंग कुठे पुरा होतो ते बघा. प्रकरण शांतपणे संपलं तरी चालतं. पुस्तक हातात घेतलेला वाचक कुठे पळून जात नाही.

दुसरी गोष्ट गैरसमजाची. प्रेमकथेत दोघांना दूर ठेवणारं काहीतरी लागतं, आणि मालिकेत ते बहुधा अर्धवट ऐकलेलं बोलणं किंवा भलत्याने वाचलेला मेसेज असतो. दर आठवड्याला वाचणारी वाचक प्रतिक्रियांत चिडते, तुम्हाला ते यश वाटतं. तीच बाई पुस्तक दोन दुपारींत वाचते आणि विचारते, ‘अगं, एक फोन का नाही केलास?’ साधी चाचणी अशी: पात्रांनी दहा मिनिटं नीट बोलून अडचण सुटत असेल, तर ती अडचण सव्वाशे पानं पुरणार नाही. वडील एकटे पडतील म्हणून तिला पुणं सोडायचं नाही आणि त्याची बंगळुरूची नोकरी सुटण्यासारखी नाही, ही अडचण बोलून सुटत नाही. बोलल्यावर उलट अवघड होते. तसं काही तुमच्या कथेत आधीच असेल तर गैरसमज छोटा करा आणि ते वर आणा. प्रेमकथेच्या वाचकाला शेवटी दोघं एकत्र येणार हे ठाऊकच असतं. तो पैसे मोजतो ते कसे येतात त्याचे.

स्थळांबद्दल एक उपसूचना. दर दुसऱ्या पुणेरी हस्तलिखितात नायक-नायिका पावसात झेड ब्रिजवर भेटतात. तुमचेही भेटत असतील तर भेटू द्या, पण त्या पुलावर दुचाकीच जाते. नायकाची कार तिथे थांबवली की पुणेकर वाचक पुढचं पान विश्वासाने वाचत नाही.

आता गाणी. प्रेमकादंबरीत दोन-चार गाण्यांच्या ओळी हटकून असतात. अ‍ॅपवर कोणी विचारलं नसेल, छापील पुस्तकात विचारू शकतात. गीतकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं शब्दांवर हक्क असतो. ‘चार ओळींपर्यंत चालतं’ असा कुठलाही आकडा कायद्यात नाही. परवानगी आणा, नाहीतर ओळी काढून ‘रेडिओवर ते पावसाचं जुनं गाणं लागलं होतं’ एवढंच ठेवा. बहुतेक वेळा प्रसंग त्याने सुधारतो. खऱ्या हॉटेलात, खऱ्या रुग्णालयात काही वाईट घडवलं असेल तर तिथेही नाव बदला.

मजकूर पक्का झाला की अक्षरजुळणी. इथे मराठीत नेहमी जे बिघडतं ते सांगते. तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहिलं असणार. डीटीपीवाले तो मजकूर जुन्या फॉन्टमध्ये नेतात किंवा तिथून परत आणतात, तेव्हा ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’. मग कोणीतरी शहाणा सगळीकडे एका झटक्यात ‘र्या’च्या जागी ‘ऱ्या’ घालतो आणि ‘मर्यादा’, ‘पर्याय’, ‘सूर्यास्त’ सगळं नासतं. हे बदल एकेक बघूनच करायचे. इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये मांडणी करणार असतील तर ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ हा देवनागरी नीट जुळवणारा पर्याय निवडलाय का विचारा. नसेल तर वेलांट्या आणि जोडाक्षरं जागा सोडतात. मुद्रितं (तपासण्यासाठी काढलेली पानं) तीन वेळा बघा: पहिलं शुद्धलेखनासाठी, दुसरं दुरुस्त्या नीट लागल्या का आणि त्या करताना नवीन चुका शिरल्या का यासाठी, तिसरं कागदावर छापून. पडद्यावर न दिसलेली चूक कागदावर दिसते. पहिलं वाचन तुमचं स्वतःचं नको. तुम्हाला मजकूर पाठ आहे, डोळा चुकीच्या जागी बरोबर शब्द वाचतो.

पानांचं गणित एकदा समजून घेतलंत की दरपत्रक वाचता येतं. डेमी आकारात (साडेपाच बाय साडेआठ इंच) कादंबरीच्या पानावर साधारण २९० शब्द बसतात. छाटून ५६ हजार शब्द राहिले तर १९३ पानं, २४ प्रकरणांच्या सुरुवातीला सोडलेली अर्धी-अर्धी पानं मिळून १२, सुरुवातीची ८. एकूण २१३. ऑफसेटवर (जास्त प्रतींच्या छपाईत) पुस्तक १६ पानांच्या फॉर्म्यात, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या गठ्ठ्यांत छापतात. तेरा फॉर्मे म्हणजे २०८ पानं, तुमची पाच पानं जास्त. त्या पाच पानांसाठी चौदावा फॉर्मा लागतो आणि शेवटी अकरा पानं कोरी राहतात, पैसे मात्र पूर्ण. मांडणीकाराला ओळींमधलं अंतर किंचित कमी करून २०८ मध्ये बसवायला सांगा. अक्षराचा आकार कमी करू देऊ नका. मराठी प्रेमकादंबऱ्यांचा मोठा वाचकवर्ग ग्रंथालयात आहे आणि त्यातल्या बऱ्याच जणी चष्मा लावून वाचतात.

कागद ७० जीएसएम (चौरस मीटरमागे ७० ग्रॅम), शक्यतो नॅचरल शेड, म्हणजे किंचित पिवळसर. मुखपृष्ठ ३०० जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन. २०८ पानं म्हणजे १०४ कागद, एक कागद साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणून स्पाइन (पुस्तकाचा कणा) १० मिलिमीटरच्या आसपास. पानसंख्या पक्की झाल्याशिवाय मुखपृष्ठाची अंतिम फाइल करायची नाही, नाहीतर नाव स्पाइनवरून सरकून पुढच्या कडेवर येतं. कपाटात उभ्या लावलेल्या पुस्तकाचा स्पाइन तेवढाच दिसतो. याच हिशेबाने पुस्तकाचं वजन २४० ग्रॅमच्या आसपास येतं. पाकीट आणि पुठ्ठ्यासह ३०० ग्रॅमच्या आत राहिलं तर टपालाचा टप्पा बदलत नाही, आणि घरबसल्या प्रती पाठवणाऱ्याला हा फरक दर पार्सलला जाणवतो. मुखपृष्ठावरचं चित्र कुठून आलं आणि त्याचा परवाना पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी चालतो का, हे लेखी घ्या. आणि ते अंगठ्याच्या नखाएवढं करून मोबाइलवर बघा. नाव वाचता आलं नाही तर ऑनलाइन ते नाहीच. पाठराखणीचा (मलपृष्ठावरचा) मजकूर शंभर-सव्वाशे शब्दांत ठेवा: कोण, कुठे, काय आडवं आलंय. ‘प्रेमाच्या हळुवार रेशीमगाठींची कहाणी’ या चालीवरचं वाक्य लिहिण्याचा मोह सगळ्यांना होतो. ते खोडा आणि नायिकेची अडचण लिहा.

पाचशे छापावेत का? पैसे तुमचे असतील तर नको. डिजिटल छपाईवर १५० ते २०० काढा. प्रतीमागे भाव जास्त पडेल, पण बेडखाली ३०० प्रती राहण्यापेक्षा ते स्वस्त. दर घेताना करासह मागा. छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही, छपाईच्या बिलावर असतो. किंमत ठरवताना वितरकाची सवलत गेल्यावर काय उरतं ते आधी मांडा. समजा एक प्रत ११० ला पडली आणि ३०० किमतीवर ४५ टक्के गेले, तर हाती १६५ येतात, म्हणजे प्रतीमागे ५५. त्यातच संपादन आणि मुखपृष्ठाचा खर्च भागवायचाय. थेट वाचकाला विकलेल्या प्रतीवर हेच गणित खूप बरं दिसतं, म्हणून तुमच्या अ‍ॅपवरच्या वाचकांना आगाऊ नोंदणीचा निरोप आधी द्या. किती छापायच्या ते त्या नोंदणीवरून ठरवा.

स्वतः काढणार असाल तर प्रकाशक तुम्हीच. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. कोणी त्याचे हजारो रुपये लावत असेल तर तो त्याच्या फॉर्म भरण्याची मजुरी घेतोय, आणि नंबरही बहुधा त्याच्या नावावर निघेल. अर्ज लवकर करा, कारण तो नंबर आल्याशिवाय मलपृष्ठावरचा बारकोड होत नाही. १९५४ च्या कायद्याप्रमाणे पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथली ठरलेली तीन ग्रंथालयं यांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. वर्तमानपत्रांना अभिप्रायार्थ दोन प्रती पाठवायची रीत आहे. अशा पंधरा-वीस प्रती हिशेबातून आधीच वजा धरा.

प्रकाशकाबरोबरच जायचं ठरलं तर करारातलं हक्कांचं कलम सर्वांत आधी वाचा. ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ असं असेल तर त्यात ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, मालिका, चित्रपट सगळं जातं. छापील मराठी आवृत्तीपुरताच हक्क द्या. ऑडिओ तर आवर्जून स्वतःकडे ठेवा. प्रेमकथा ऐकल्या फार जातात. मुदत लिहा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. ‘कायमस्वरूपी’ हा शब्द घातला की हे संरक्षण जातं, म्हणून तोच शब्द शोधा. वर्षातून एकदा विक्रीचा लेखी हिशेब आणि आवृत्ती संपून अमुक महिन्यांत पुन्हा न छापल्यास हक्क परत, ही दोन वाक्यं घालून घ्या. अ‍ॅपशी झालेला करारही काढून बघा, मजकूर इतरत्र छापण्याची मोकळीक आहे ना. किंडलवर मराठी ई-बुक टाकता येतं, पण ‘केडीपी सिलेक्ट’ (ई-बुक फक्त किंडललाच द्यायची योजना) घेतलंत तर त्या ९० दिवसांत तोच मजकूर डिजिटल स्वरूपात दुसरीकडे चालत नाही. म्हणजे अ‍ॅपवरचे भाग उतरवावे लागतील. उतरवायचे असतील तर आधी पुस्तकाचा निरोप वाचकांपर्यंत जाऊ द्या. भाग गेले की वाचकांच्या प्रतिक्रियाही जातात.

तारीख शेवटी ठरवा. संपादन आणि तुमचं पुनर्लेखन सहा आठवडे, मांडणी दोन, मुद्रितं तीन, छपाई-बांधणी दोन. मुखपृष्ठ आणि आयएसबीएन मधल्या काळात. म्हणजे १३ आठवडे, तेही कोणी आजारी पडलं नाही तर. गणपतीनंतर पुण्यातल्या छापखान्यांत दिवाळी अंकांची गर्दी असते, त्यापाठोपाठ कॅलेंडरं आणि डायऱ्या. तेव्हा डिसेंबरचं पुस्तक हवं असेल तर मजकूर ऑगस्टअखेर तुमच्या हातून सुटायला हवा. पुस्तक महोत्सव २०२३ पासून फर्ग्युसनच्या मैदानावर भरतो. तिथे गर्दी असते, पण एका पुस्तकासाठी दालन घेणं परवडत नाही. कोणाच्या तरी दालनात वीस प्रती ठेवायला मिळाल्या तरी काम झालं. डिसेंबर हुकला तर हुकू द्या. एकच लक्षात ठेवा: राज्याच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचा वेगळा गट असतो आणि तिथे पुस्तक कॅलेंडर वर्षावर मोजतात. पहिल्या आवृत्तीवर महिना-वर्ष नीट छापा.

सभागृहाचं बुकिंग छापील प्रती हातात आल्यावर. पत्रिका वाटल्या, पाहुणे आले आणि प्रती बाइंडरकडे ओल्याच, हे दरवर्षी कुठे ना कुठे होतं. साहित्य परिषद, पत्रकार भवन, एस. एम. जोशी सभागृह, कुठेही घ्या. ऐंशी-शंभर माणसांची सोय पुरे. नव्वद लोक आले तर तीसेक प्रती जातात, कारण घरटी एकच घेतली जाते. तीन वक्ते, प्रत्येकी बारा मिनिटं, आणि विक्रीचं टेबल दाराशी, क्यूआर कोड मोठा छापून. चहा कार्यक्रमाआधी ठेवलात तर उशीर होतो, नंतर ठेवलात तर लोक टेबलापाशी रेंगाळतात.

टोपणनाव घ्या, हरकत नाही. करार आणि बँक खातं खऱ्या नावावर, करारात ‘अमुक या टोपणनावाने लिहिणाऱ्या’ असा स्पष्ट उल्लेख. टोपणनावाने आलेल्या पुस्तकाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं मोजतात. नाव उघड झालं की नेहमीसारखा हयात अधिक ६०. नोकरीच्या करारात ‘कर्मचाऱ्याने केलेलं सर्व लेखन कंपनीचं’ अशा अर्थाचं किंवा दुसऱ्या उत्पन्नाबद्दल काही कलम आहे का बघा. असेल तर एचआरला एक ओळीचा मेल टाकून उत्तर जपून ठेवा, आणि हस्तलिखित कंपनीच्या लॅपटॉपवर ठेवू नका. अ‍ॅपवर ज्या नावाने लिहिता तेच नाव पुस्तकावर हवं, नाहीतर तयार वाचक तुम्हाला शोधत बसतील.

त्या प्रकाशकाला आता एकच मेल पाठवा: ८५ हजारांची कामवार फोड, प्रती कोणाच्या, मांडणीची फाइल मिळणार का, वितरक कोण, आणि गेल्या वर्षी अशाच पद्धतीने काढलेल्या कुठल्याही एका कादंबरीच्या किती प्रती दुकानांत गेल्या. फोनवर बोलू म्हणाले तर बोला, आणि बोलणं झाल्यावर ते जसं झालं तसं लिहून पुन्हा मेलनेच पाठवा.